खारट भिंतींचा राखणदार

कोणाच्याही घरात पाऊल टाकल्यावर ते आधी छताकडे पाहत, मग भिंतींकडे, आणि सगळ्यात शेवटी माणसांकडे. माणसांकडे पाहतानाही नजर अशी की, यांनी आपल्याला न सांगता कुठेतरी खिळा ठोकला आहे हे ठरलेलंच आहे. तो कुठे, एवढंच शोधायचं राहिलं आहे. घरच्यांनी 'या, बसा' म्हणेपर्यंत त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट वाकून भिंतीवर पोचलेलं असे. टक, टक. मान किंचित तिरपी. पुन्हा एकदा टक. मग 'हं' असा हुंकार. तो बरा की वाईट, हे आमच्या इमारतीत कधीच कोणाला कळलं नाही.

उल्हासनगरच्या कॅम्प चारमधली ती इमारत तळमजला आणि वर तीन मजल्यांची. ते तळमजल्यावर एकटे राहत आणि सोसायटीचे सेक्रेटरीही तेच होते. सिंधी घरांत वडीलधाऱ्या पुरुषाला 'दादा' म्हणतात; आम्हा मराठी घरांनीही ते उचललं होतं. पाठीमागे मात्र त्यांचं नाव 'टकटक'. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्यात त्यांची पावलं वाजली की आतूनच सुनेला ओरडत, "टकटक आले गं! तो खलबत्ता उचल आधी." वर मिरच्या कुटल्या तर खाली दादांना तो ठोका ऐकू येतो आणि ते मोजतात, असा काकूंचा दावा होता. येतही असावा. गच्चीवर गरबा त्यांनी होऊ दिला नाही. मुलांना जिन्यात उड्या मारू दिल्या नाहीत. ड्रिल मशीनचा आवाज आला की दादा अनवाणी वर धावत, आणि त्या वयात ते इतके झपाट्याने चढत की सुतार मशीन बंद करायलाही विसरून जाई.

माझी त्यांची ओळख वजनावरून झाली. लग्न मोडून मी आईबाबांकडे परत आले (हे घर त्यांनी माझ्या लग्नानंतर घेतलं होतं), तेव्हा माझ्याबरोबर कपड्यांची एक बॅग आणि पुस्तकांची चौदा खोकी होती. टेम्पोवाला पहिलं खोकं खांद्यावर घेऊन जिन्याशी पोचला आणि दादांनी हात आडवा घातला.

"क्या है इसमें?"

"पुस्तकं," मी म्हणाले.

"सगळ्यात?"

"सगळ्यात. तिसऱ्या मजल्यावर न्यायची आहेत. मी वरच्यांची मुलगी."

मी परत का आले, किती दिवसांसाठी आले, हे त्या दिवशी इमारतीतल्या प्रत्येक दाराने मला विचारलं होतं. कोणी तोंडाने, कोणी डोळ्यांनी. दादांनी ते विचारलं नाही. त्यांनी खोकं स्वतः दोन्ही हातांनी उचलून पाहिलं, जपून खाली ठेवलं आणि म्हणाले, "बेटा, हे एका जागी नाही ठेवायचं. बीच में तो बिलकुल नहीं. भिंतीला लावायचं, चारों तरफ. थोडं थोडं."

"कवितेची पुस्तकं आहेत, दादा." मी उगाच हसून म्हणाले.

"कविता हलकी असते काय?" त्यांनी गंभीरपणे विचारलं. "कागज तो वही है ना."

टेम्पोवाला खो खो हसला. दादा हसले नाहीत. संध्याकाळी ते वर येऊन खोकी खरोखर भिंतीला लागली आहेत का, ते बघून गेले. आईने केलेला चहा त्यांनी घेतला नाही. बाबांनी तो कप तसाच उचलून मोरीत ओतला आणि कप दोनदा विसळला. त्यांना जेव्हा काही बोलायचं नसे तेव्हा ते भांडी विसळत.

आमचं घर म्हणजे एक खोली, स्वयंपाकघर आणि रस्त्याच्या बाजूला गॅलरी. आईबाबा खोलीत झोपत. मी स्वयंपाकघरात, गॅसची शेगडी आणि फ्रिज यांच्या मधल्या पट्टीत. फोडणीचा वास माझ्या उशीला कायमचा चिकटला. फ्रिज मध्येच गुरगुरून थांबे, आणि त्या थांबण्याने मी जागी होई. पस्तिसाव्या वर्षी माणसाला एक दार हवं असतं, आतून लावता येईल असं. हे मी कोणाला म्हणाले नव्हते. पण एका सकाळी मी अंथरूण गुंडाळत असताना बाबा दाराशी उभे राहून माझ्याकडे बघत होते, आणि त्याच दुपारी ते मोजपट्टी घेऊन गॅलरीत गेले.

गॅलरी आत घेणं ही आमच्या भागातली जुनी रीत. खोली आणि गॅलरी यांच्यामधली भिंत पाडायची, गॅलरीच्या कठड्यावर विटांची नवी भिंत चढवायची, खिडकी बसवायची, झाली खोली. आमच्या इमारतीच्या दर्शनी बाजूला बहुतेक गॅलऱ्या मिटलेल्या होत्या, कुठे निळ्या काचा, कुठे पत्रा; विटांची भिंत तेवढी पहिल्या मजल्यावर. नगररचना विभागाची परवानगी एकाकडेही नव्हती. 'तुम्ही आमचं पाहू नका, आम्ही तुमचं पाहत नाही' हा तिथला न लिहिलेला ठराव. सोसायटीच्या ना हरकत कागदावर एकमेकांनी न वाचता सह्या करायच्या आणि पेढा तोंडात टाकायचा, एवढाच त्याचा विधी.

बाबांना ते मान्य नव्हतं. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं तपासणी खात्यात काढली होती. तयार माल मोजायचा, पास किंवा नापास करायचा. देव नसलेल्या आमच्या घरात, इतरांकडे देव्हारा असतो त्या फडताळात, राज्यघटनेची प्रत ठेवलेली होती. "आपण परवानगी काढून बांधू," ते म्हणाले. "उद्या कोणी बोट दाखवायला नको."

काकूंनी कपाळावर हात मारला. "अहो भाऊ, विचारायला जाऊ नये कधी! आधी तोडायचं, मग विचारायचं. तुटलेली भिंत परत कोण लावायला सांगतंय?"

"मी विचारूनच तोडणार, वहिनी."

"मग बसा विचारत," काकू म्हणाल्या. "पोरगी म्हातारी होईल स्वयंपाकघरात."

बाबांनी अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनाजवळच्या एका आर्किटेक्टकडून नकाशा काढून आणला. जेवणाच्या ताटाच्या जागी तो पसरला आणि चष्मा कपाळावर सरकवून मला दाखवला. आहे ते काळ्या रेषेत, पाडायचं ते पिवळ्या, नवं ते तांबड्या. "ही बघ," त्यांनी करंगळीचं नख त्या रेघेवरून अगदी हलकं फिरवलं, "ही तांबडी रेघ म्हणजे तुझी खोली." नव्या कागदाला किंचित अमोनियासारखा उग्र वास येत होता. मी खाली वाकून तो वास घेतला. माझ्या आयुष्यात कोणी माझ्यासाठी पहिल्यांदाच रेघ ओढली होती.

फाइल पुरी व्हायला एकच कागद कमी होता. सोसायटीचं ना हरकत पत्र, म्हणजे दादांची सही आणि शिक्का.

बाबा खाली गेले आणि पाच मिनिटांत वर आले. मी जिन्याच्या कठड्याशी उभी होते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं होतं.

"नाही," दादा म्हणाले होते.

"का नाही?"

"नाही म्हणजे नाही. गॅलरी नको."

"कारण लिहून द्या."

"लिहून नाही देणार."

"पहिल्या मजल्याला दिलीत. मी स्वतः पाहिलाय तो कागद. शिक्क्यासकट."

मग दादांचा आवाज, एकदम उतरलेला. "दिली. गलती केली."

बाबांनी वर येऊन चपला काढल्या, त्या एकमेकींना अगदी समांतर लावल्या आणि नकाशाची घडी घातली. "पहिल्या मजल्याला दिली," ते म्हणाले. "आपल्याला नाही." पुढचं वाक्य ते बोलले नाहीत. आमच्या घरात ते बोलायची गरज नव्हती. शाळेतल्या वेगळ्या माठापासून भाड्याची घरं शोधताना आडनाव ऐकून बंद झालेल्या दारांपर्यंत, ते वाक्य बाबा आयुष्यभर न बोललेलं ऐकत आले होते.

"तसं नसेल हो," आई म्हणाली.

"नसेल. पण असतं तेव्हाही ते असंच दिसतं."

त्या दिवसापासून बाबा जिन्यात दादा दिसले की भिंतीकडे तोंड करून उभे राहू लागले. इमारतीत अर्थात इतर तर्क होते. कोणी म्हणे, टकटकचं बिल्डरशी आतून ठरलंय. इमारत मोडकळीला येईपर्यंत कोणाला दुरुस्ती करू द्यायची नाही. कोणी म्हणे, त्यांना पाकीट हवं असतं, पण ते तोंडाने मागत नाहीत. कोणी म्हणे, बायको गेल्यापासून डोकं फिरलंय. पुरावे प्रत्येक तर्काला पुरत. हा माणूस छताला पंखा लावत नाही, टेबलफॅन वापरतो. पलंग खोलीच्या मध्ये न ठेवता कोपऱ्यातल्या कॉलमला चिकटवतो. मुलगा-सून बदलापूरला, पण हा तिथे राहायला जात नाही. का जात नाही? इथे काय पुरलंय?

मी या सगळ्यांपेक्षा वेगळी नव्हते. माझा संशय फक्त अधिक बारीक होता. सात वर्षांच्या संसाराने मला एक गोष्ट चांगली शिकवली होती: खोटं बोलणाऱ्या माणसाला घाई असते. आणि दादांची ती घाई मी एकदा पकडली होती.

एका दुपारी मी कॉलेजातून शिकवून परत येत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दादा उकिडवे बसले होते. भिंतीच्या पायाशी गिलाव्याचा पोपडा गळून पडला होता. त्यांनी त्यातला एक कण चिमटीत धरून चुरडला, नाकाशी नेला, आणि मग जिभेच्या टोकावर ठेवला. डोळे मिटले. आमटीत मीठ पडलं आहे की नाही हे बघणारी बाई जशी थांबते, तसे ते थांबले. मग त्यांनी कण रुमालात थुंकला आणि त्यांना मी दिसले.

"काय लागतं, दादा?" मी विचारलं.

"चुना," ते म्हणाले. "चुना है, और क्या." माझा प्रश्न संपायच्या आत.

त्यांची पावलं तळमजल्यावर विरेपर्यंत मी थांबले. मग वाकले आणि एक कण जिभेवर ठेवला. आधी माती, मग जुन्या रंगाचा तेलकटपणा, आणि त्या दोन्हींच्या मागून, अगदी पुसट, घाम वाळल्यावर वरच्या ओठावर राहतो तेवढा, खारटपणा. मला त्याचा अर्थ कळला नाही. मी तो कोणाला सांगितलाही नाही. पण बाबांना नकार मिळाल्यानंतर तोच खारटपणा पुन्हा पुन्हा तोंडात येऊ लागला. बाबांच्या संशयाला आधार असेल, तर मला तो दादांच्या तोंडून ऐकायचा होता. नसेल, तर मग काय आहे ते ऐकायचं होतं.

एका रविवारी दुपारी मी पोपड्याचा तुकडा मुठीत घेऊन खाली गेले.

दादांच्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. भिंती पूर्ण कोऱ्या. खिळा नको म्हणून कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलेलं, आणि बायकोचा फोटो एकुलत्या एका खुर्चीवर टेकवून ठेवलेला. "बस ना, बस," ते म्हणाले. बसायचं तर फोटो उचलावा लागत होता. तो उचलून मी मांडीवर घेतला. सिंधी रिवाजाप्रमाणे त्यांनी पाणी आणि भाजलेला पापड पुढे ठेवला.

मी मूठ उघडली. "दादा, हा चुना नाही. हे मीठ आहे."

त्यांनी वाकून माझ्या तळहाताकडे पाहिलं. बाहेर कोणीतरी मोटारसायकल चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती चालू होत नव्हती.

"चाखलंस?"

"चाखलं."

"तेरे को किसने सिखाया?"

"तुम्हीच."

त्यांनी पापडाचा एक तुकडा मोडला, तो खाल्ला नाही, त्याचे आणखी तुकडे केले. "रेती माझी होती," ते म्हणाले. "या बिल्डिंगची. माझं दुकान होतं ना तेव्हा, रेती, सिमेंट, सळ्या. ही खाडीची रेती. खाडीची रेती धुवायची असते, गोड्या पाण्याने, तीन वेळा. त्या साली पाणी कुठे होतं? बांधणारा बोलला, सेठ, टाइम नाहीये, अशीच टाक. मी टाकली."

"तुम्हाला माहीत होतं ती खारट आहे?"

"चाखून बघितली होती." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "नमक लोहे को खाता है, बेटा. एकदम नाही. आतून, हळूहळू. सळई गंजते, फुगते, मग सिमेंट तिला सोडतं. पहिल्या मजल्याला मी सही दिली. वाटलं, एवढी वर्षं काय झालं नाही, आता काय होणार? त्याने गॅलरीवर भिंत चढवली आणि सहा महिन्यांत बीमच्या कोपऱ्याला चीर आली. बोट जाईल एवढी. मी रात्रीतून भरली, रंग लावला. तेव्हापासून कोणाला सही नाही. तुमची गॅलरी तर सगळ्यात वर. हवेत लटकलेली. तिच्या टोकावर विटा चढवणार?"

"मग तुम्ही इथे का राहता?"

"माल माझा. मी नाही राहणार तर कोण राहील?"

क्षणभर मला त्यांच्याबद्दल काहीतरी मऊ वाटलं. मग एक गोष्ट आठवली आणि ते मऊपण तिथेच गोठलं.

"तुमचा मुलगा शिरगावला राहतो ना?"

"हां. बदलापूर, शिरगाव. नवी बिल्डिंग आहे."

"त्याला तिथे कोणी पाठवलं?"

"मीच." आणि मग, विचारलेलं नसताना, "तिथली रेती मी स्वतः बघितली. नदीची आहे."

मांडीवरची फोटोची काच एकाएकी थंड लागली. "आणि आम्ही, दादा?"

मोटारसायकल अखेर चालू होऊन निघून गेली. दादा पापडाचे तुकडे बोटाने एका ओळीत लावत राहिले. "बोललो असतो तर काय झालं असतं?" ते म्हणाले. "सगळे रस्त्यावर. ही घरं कोण घेणार मग? मी ठोकत राहिलो, बघत राहिलो. कोणाला काही चढवू दिलं नाही. और क्या करता मैं?"

बोलायला माझ्याजवळ पुष्कळ होतं, पण त्याच वेळी माझ्या मनातला जुना संशयी जागल्या उठून बसला होता. ही कबुली खरी कशावरून? बाबांचं तोंड बंद करायला रचलेली नवी सबब कशावरून नाही? मिठाची चव खरी होती. पण एका चवीवर माणूस केवढी मोठी गोष्ट उभारू शकतो, हे कविता शिकवणारीला वेगळं सांगायला नको.

"हे वर येऊन बाबांना सांगा," मी म्हणाले.

"तूच सांग."

"मी सांगितलं तर ते म्हणतील, म्हाताऱ्याने नवीन बहाणा काढला. तुम्ही त्यांना नाही म्हणालात तेव्हा त्यांना काय वाटलं, ठाऊक आहे तुम्हाला?"

दादांनी मान वर केली. निर्वासितांच्या कॅम्पात जन्म काढलेल्या माणसाला ते समजायला वेळ लागला नाही. "अरे नहीं," ते म्हणाले. "नहीं नहीं. ऐसा नहीं है." आणि ते उठून पायांत चपला शोधू लागले.

बाबा टेबलाशी बसले होते. दादांनी उभ्यानेच सगळं सांगितलं; मला सांगितलं होतं त्याहून कमी शब्दांत. बाबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. ते संपल्यावर त्यांनी कारखान्यातल्या आवाजात प्रश्न विचारायला सुरुवात केली. तो आवाज मी घरी कधी ऐकला नव्हता.

"रेती कुठून कुठपर्यंत?"

"पहिल्या स्लॅबपासून गच्चीपर्यंत."

"कॉलममध्ये?"

"सगळीकडे."

"तुमच्याशिवाय कोणाला माहीत आहे?"

"बांधणारा गेला. आता तुम्हाला."

आईने चहा आणला. दादांनी कप घेतला आणि गरम असतानाच शेवटच्या घोटापर्यंत संपवला. बाबा त्या कपाकडे पाहत होते. मग त्यांनी नकाशा बाजूला सरकवला, कोरा कागद घेतला आणि लिहायला लागले. अक्षर नेहमीचं, सरळ, प्रत्येक वेलांटी मोजून घेतल्यासारखी. तो सोसायटीच्या वतीने नगररचना विभागाला अर्ज होता: इमारतीच्या बांधकामात खारी रेती वापरल्याची माहिती मिळाली आहे, तरी तातडीने स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं.

"सही करा," बाबा म्हणाले.

"भाऊ, सोचो," दादा म्हणाले. "कागद गेला की सगळे बाहेर. तुम्ही पण."

"राहायचं कुठे आपण?" आईने विचारलं. तिने ते दादांना विचारलं की बाबांना, मला कळलं नाही.

"बत्तीस वर्षांत नापास माल मी पुढे जाऊ दिला नाही," बाबा म्हणाले. "आता माझं स्वतःचं घर आहे म्हणून जाऊ देऊ?" मग माझ्याकडे वळून, "तुझी खोली..." म्हणाले आणि थांबले.

"करा सही, दादा," मी म्हणाले.

त्यांनी सही केली, सदऱ्याच्या आतल्या खिशातून शिक्का काढला, त्यावर तोंडाची वाफ दिली आणि कागदावर दाबला. तो उमटेपर्यंत बोट उचललं नाही.

दादा गेल्यावर मी बाबांना म्हटलं, "चहा घेतला त्यांनी."

"घेतला," बाबा म्हणाले. "आज त्यांना गरज होती."

पुढचं सगळं आमच्या कल्पनेपेक्षा लवकर झालं. इंजिनिअर आले, त्यांनी कॉलमला भोकं पाडून नमुने नेले. दादा त्या प्रत्येक भोकाशी हात मागे बांधून उभे होते. अहवाल आला: इमारत रिकामी करावी, मोठी दुरुस्ती करावी, तोवर वापर करू नये. 'पडेल' असा शब्द त्यात कुठेच नव्हता. लोकांनी तेवढंच पकडलं. पडेल असं म्हटलंय का? नाही ना? मग? संशयाला नवं घर लागतं, आणि ते आमचं होतं. बिल्डरला टकटक आणि तिसरा मजला दोघं मिळाले आहेत, असं आधी कुजबुजत आणि मग उघड बोललं जाऊ लागलं. सामान उतरवण्याच्या दिवशी काकू आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. खलबत्ता त्यांच्या कडेवर होता, मूल असावं तसा. "तुमच्या पोरीला खोली मिळाली नाही," त्या बाबांना म्हणाल्या, "म्हणून आम्हा सगळ्यांची घरं घालवलीत, भाऊ." माझी चौदा खोकी खाली जाईपर्यंत बाबा जिन्यात उभे राहिले.

आता आम्ही बदलापूरला भाड्याच्या घरात राहतो. मला तिथे स्वतंत्र खोली आहे आणि दाराला आतून कडी आहे. बाबांनी अजून त्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. काही हवं असलं तर बाहेरून हाक मारतात. दादांचा विषय निघाला की म्हणतात, "खरं बोलला असेल तो माणूस. रिपोर्टही तेच म्हणतो. पण पहिल्या मजल्याला सही देताना त्याचा हात थांबला नाही, हे विसरू नकोस." मी विसरलेले नाही. कोणतं कारण खरं, हे ठरवायला माझ्याजवळ साधन नाही. आणि दोन्ही एका माणसात राहू शकतात, हेही मला समजतं.

इमारत अजून उभी आहे. दुरुस्ती करायची की पाडून नवी बांधायची, यावर लोकांचं एकमत होत नाही. दाराला कुलूप, खिडक्यांच्या काचा फुटलेल्या, तिसऱ्या मजल्यावर आमची एकटीच उघडी गॅलरी. कॉलेजच्या कामाने कॅम्प चारला गेले की मी समोरच्या फुटपाथवर थोडी थांबते. परवा गेले तेव्हा दादा आधीच तिथे होते. ते शिरगावला मुलाकडे राहतात, पण सकाळी रिक्षा आणि लोकल पकडून इथे येतात, असं ऐकून होते. पार वाळले होते. आम्ही शेजारी शेजारी उभे राहिलो.

"लोक मला विचारतात," थोड्या वेळाने ते म्हणाले. "दादा, तुम्ही तर म्हणत होता, खारी रेती. बघा, उभी आहे. खोटं बोललात ना?"

"मग तुम्ही काय सांगता?"

"सांगतो, थांबा."

तेवढ्यात विटांनी भरलेला एक ट्रक गेला. रस्ता तळव्यांखाली थरथरला. मी झटकन वर, आमच्या गॅलरीकडे पाहिलं. काही झालं नाही. थोडी धूळ सुटली, उन्हात चमकली आणि बसली. आणि माझ्या छातीत जे उतरलं ती सुटका नव्हती. निराशा होती. मला ती इमारत पडायला हवी होती. बाबा खरे ठरायला हवे होते, काकूंच्या तोंडावर. मी मान वळवली, तर दादा इमारतीकडे पाहत नव्हते. माझ्याकडे पाहत होते.

"मेरा भी ऐसा ही होता है," ते हळूच म्हणाले.

मग त्यांची नजर माझ्यावरून निसटून रस्त्यापलीकडे गेली. इमारतीच्या सावलीत, अगदी भिंतीला टेकून, एक बाई पालेभाजीची टोपली घेऊन बसत होती. दादा वाहनांकडे न बघता रस्त्यात उतरले. "उठ! इधर नहीं बैठने का! कितनी बार बोला?"

"आले परत!" बाई कंबरेवर हात ठेवून ओरडली. मी पोचले तेव्हा ती मला साक्षीला घेत होती. "बघा ना ताई, रोज येऊन हाकलतो हा म्हातारा. मी म्हणते, याला ही जागा कोणासाठी तरी अडवून ठेवायचीय. याची नजरच बरी नाही."

दादांनी तिला काही सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. मेथी आणि ओल्या मातीचा वास येत होता. मी टोपलीची एक कडा धरली, दादांनी दुसरी धरली, आणि आमच्यामागून शिव्या देत येणाऱ्या त्या बाईसह आम्ही ती रस्त्याच्या पलीकडे, उन्हात आणून ठेवली.